दोष आढळल्यास बदलून मिळेल

आमच्या खात्याचं नाव माझ्या देखत तीन वेळा बदललं, पण बिलोलीकरांची खुर्ची एकदाही बदलली नाही. मी नोकरीला लागले तेव्हा दारावर ‘तक्रार विभाग’ अशी सरळ पाटी होती. मग देश खुला झाला, बाहेरचा माल भराभर आत आला, आणि मुंबईच्या हेडऑफिसला शोध लागला की तक्रार हा शब्द काही बरा दिसत नाही. पाटी झाली ‘ग्राहक सेवा’. पुढे ‘ग्राहक स्नेह’. शेवटी तर ‘ग्राहक आनंद’! लग्नाचा अख्खा रोल कोरा निघालेला माणूस डोळे पुसत जिना चढायचा आणि दारावर ‘आनंद’ वाचून तिथंच थबकायचा. बिलोलीकर आतूनच म्हणायचे, “पाटीकडं बघू नका. या, बसा. पाणी घ्या आधी.”

कंपनी फोटोच्या फिल्मची. नाव सांगत नाही. आता ती राहिली नाही, आणि राहिली असती तरी सांगितलं नसतं. परदेशातून फिल्मची मोठी भेंडोळी यायची, हैदराबादेत, कुकटपल्लीच्या युनिटमध्ये अंधाऱ्या खोलीत ती कापून छत्तीस फोटोंचे रोल करायचे आणि प्लास्टिकच्या काळ्या डब्यांत भरायचे. आमचं ऑफिस नारायणगुड्यात, साड्यांच्या दुकानाच्या वर. तिथं गोविंदराव बिलोलीकर सत्तावीस वर्षं एकच काम करत होते: लोकांच्या पत्रांना उत्तर देणं.

त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या हैदराबादेत गेलेल्या. आजोबा वकील, वडील शिक्षक. बिलोली गाव यांनी स्वतः कधी पाहिलंही नव्हतं. घरात मराठी, अर्जाला इंग्रजी, भाजीला तेलुगू, आणि कोणाची समजूत काढायची असली की उर्दू. माझे वडील त्यांच्या ओळखीतले, म्हणून मी त्यांना ऑफिसात ‘साहेब’ म्हणे आणि जिन्यात ‘काका’. ते मला दोन्हीकडे ‘सुधाबाई’च म्हणत.

गळ्यात दोरीला बांधलेलं एक भिंग. राखी रंगाचा सफारी, तोही बहुधा एकच. आणि हातात येईल ती वस्तू आधी खिडकीशी नेऊन उजेडाला धरायची, ही खोड. निगेटिव्ह तर धरायचेच, पण बंद पाकीट, नवी नोट, डब्यातली पोळी, सगळं. एकदा पगाराची चिठ्ठी धरली होती. मी विचारलं, “काय दिसतंय साहेब?” तर म्हणाले, “आरपार दिसायलंय.”

कंपनीचा नियम प्रत्येक खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेला असे, आणि आमच्या जुन्या लेटरपॅडच्या तळाशीही असे. इंग्रजीत होता, बिलोलीकर त्याचं मराठी करून सांगत: दोष आढळल्यास बदलून मिळेल. म्हणजे एक रोल खराब निघाला तर एक नवा कोरा रोल. बास! लग्न परत मिळणार नाही, बारसं मिळणार नाही, गेलेली आजी तर नाहीच नाही. हा रोल कुरियरनं पाठवून फाइल बंद करावी असा हुकूम होता. बिलोलीकर तो स्वतःच्या हातानं घरी नेऊन देत.

मी नवीन असताना मला शिकायला म्हणून कुकटपल्लीच्या हाउसिंग कॉलनीत सोबत नेलं होतं. तेलुगू कुटुंब, मुलीचं लग्न, कोरा रोल. ऑफिसातच त्यांनी तो उजेडाला धरून निदान केलं होतं. कडेची छापील अक्षरं स्वच्छ उमटलेली, म्हणजे फिल्म ठणठणीत. रोल कॅमेऱ्यात अडकलाच नव्हता. छत्तीस वेळा खटका दाबला आणि फिल्म जागची हलली नाही. म्हणजे चूक फोटो काढणाराची. तो नवरीचा भाऊ, रमेश. स्वैपाकघराच्या दारात उभा होता, बाहेर यायलाच तयार नव्हता.

“ओक्कटी कूडा लेदंडी,” आई म्हणाली. एकसुद्धा नाही हो. आणि पदर डोळ्याला.

बिलोलीकरांनी नवा रोल टेबलावर ठेवला, त्याकडे कोणी पाहिलंही नाही. मग त्यांनी पिशवीतून लांबट वही काढली आणि तेलुगूतच विचारलं, “पहिला फोटो कुठला होता?”

बाई गोंधळली. म्हणाली, पोरगी आरशासमोर बसलेली. “नाही, आधी दिवा लावतानाचा,” नवरा म्हणाला. झालं! दोघांची जुंपली. बिलोलीकर शांतपणे लिहीत होते. तीन नंबर, मावशी झोपलेली. सात नंबर, नवरदेवाचा बूट हरवलेला. चौदा नंबर, आजी तोंड उघडून हसतेय आणि एक दात नाही. विसाव्या नंबरापर्यंत शेजारीण येऊन बसली होती, तिसाव्याला सगळी हसत होती. शेवटी मोजले तर सदतीस निघाले.

मग त्यांनी विचारलं, “फोटो कोणी काढले?”

सगळ्यांच्या नजरा स्वैपाकघराकडे. बिलोलीकरांनी यादीच्या खाली रेघ मारली आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, “फोटो काढणारे: रमेश. हे एकटेच कुठल्या फोटोत नाहीत. म्हणून यांचं नाव खाली लिहावं लागतं.” पान फाडून त्यांनी ते रमेशच्याच हातात दिलं.

जिन्यात मी म्हटलं, “काका, चूक तर त्याचीच होती.”

“हौ. त्याला ठाऊक आहे. फिल्मला ठाऊक आहे. अजून कोणाला सांगायचं?”

पुढं कळलं, त्या पानाला त्यांनी लग्नाच्या अल्बमात पहिली जागा दिली. बिलोलीकर रिपोर्टात नेहमी लिहीत, ‘रोल दिला. यादी करून दिली.’ हेडऑफिस दर वर्षी विचारी, कसली यादी? ते दर वर्षी उत्तर देत, ‘फोटोंची.’ यावर हेडऑफिसचं समाधान कसं होई देव जाणे, पण होई.

मग कॉम्प्युटर आला, आणि त्याच्या मागोमाग तन्मय आला. हा मुंबईहून आलेला मॅनेजर. गोरागोमटा, हुशार, बोलण्यात साखर. ग्राहक आता ई-मेल लिहिणार आणि कंपनी क्षणात उत्तर देणार, असं त्यानं जाहीर केलं. कॉम्प्युटर मला येत होता, म्हणून मी ई-मेल छापून बिलोलीकरांच्या टेबलावर ठेवी. त्यांनी पहिला कागद उलटसुलट केला, उजेडाला धरला.

“पत्ता नाही, सुधाबाई.”

“हाच पत्ता, साहेब. वर लिहिलाय तो.”

“हा नव्हं. हा माणूस राहतो कुठं? रोल घेऊन मी जाऊ कुठं?”

मग त्यांनी मला लिहायला सांगितलं, ‘कृपया आपल्या घराचा पत्ता व जवळची खूण कळवावी.’ तन्मय कपाळाला हात लावून बसला. पण दोन महिन्यांत त्यानं यावर उपाय काढला. आता मशीनच उत्तर देणार, ग्राहकानं पत्र पाठवलं की पापणी लवायच्या आत. एका गृहस्थानं लिहिलं होतं की वडिलांचा शेवटचा वाढदिवस होता, ते आता नाहीत, आणि रोलवर काळे डाग आलेत. मशीननं कळवलं, ‘आपल्या आनंदाच्या क्षणांत आम्हाला सहभागी करून घेतल्याबद्दल आभार! असेच क्षण टिपत राहा!’

बिलोलीकरांनी ते दोनदा वाचलं. मी इतकी वर्षं त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

“हे कोण बोललं?”

“मशीन, साहेब.”

“मशीनला म्हणावं, आधी पत्र वाचायचं असतंय.” आणि त्याच दुपारी त्या गृहस्थाचा पत्ता हुडकत निघाले. हुडकलाही, दुसऱ्या दिवशी.

एव्हाना शहरात डिजिटल कॅमेरे दिसू लागले होते. हेडऑफिसनं यावर फार खोल विचार केला आणि हुकूम काढला: कोणत्याही पत्रव्यवहारात ‘डिजिटल’ हा शब्द वापरू नये. ग्राहकानं वापरला तरी आपण ‘इतर पद्धती’ म्हणावं. शब्द काढला की वस्तू जाईल, अशी काहीतरी कल्पना असावी. आम्हाला यासाठी दिवसभराचं प्रशिक्षण दिलं. फिल्म म्हणजे भावना, फिल्म म्हणजे ऊब, फिल्म म्हणजे खरेपणा, असं तन्मय पडद्यावर दाखवत होता. दिवस संपल्यावर म्हणाला, सगळे उभे राहा, ग्रुप फोटो काढू. आणि बॅगेतून छोटासा चकचकीत कॅमेरा काढला. डिजिटल! आम्ही सगळे जमिनीकडं बघायला लागलो. बिलोलीकर मात्र कॅमेऱ्याकडं बघून गोड हसले. “काढा साहेब, काढा. इतर पद्धतीनं काढा.”

आता बशीरभाईंबद्दल सांगते. अफझलगंजात त्यांचा स्टुडिओ, बापाच्या वेळचा. लग्नं, पासपोर्ट, शाळांचे ग्रुप. तीस वर्षं आमचीच फिल्म वापरत. तक्रार असली की स्वतः येत, बिलोलीकरांशी भांडत, मग दोघं मिळून चहा पीत. त्या वर्षी बशीरभाईंनी धाडस करून डिजिटल कॅमेरा आणि प्रिंटिंगचं मशीन बुक केलं होतं. घरातलं सोनं त्यात जाणार होतं. असे स्टुडिओवाले आता शहरात बरेच झाले होते, आणि आमचा माल दुकानांत पडून राहायला लागला.

तेव्हा तन्मयला ती कल्पना सुचली. स्टुडिओवाल्यांना एक पत्र जाईल. कंपनीच्या नावानं नाही, कंपनीवर कोण विश्वास ठेवणार? बिलोलीकरांच्या सहीनं. मसुदा मी टाइप केला. ‘बाजारात काही अफवा आहेत. फिल्म कुठंही जाणार नाही. आपण निश्चिंत मनानं माल भरावा.’ नव्या लेटरपॅडचा गठ्ठा अजून आला नव्हता, म्हणून मी जुना वापरला. तो, तळाशी नियम छापलेला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सही करण्याआधी त्यांनी विचारलं, “सुधाबाई, हे खरंय ना?”

“वरून आलंय, साहेब.”

त्यांनी सवयीनं कागद उजेडाला धरला. “काही दिसत तर नाही,” म्हणाले, आणि तीनशेच्या वर पत्रांवर सह्या केल्या. मला तेव्हा शंका नव्हती असं मी म्हणणार नाही. होती. पण मला ‘ग्राहक आनंद अधिकारी’ करायचं चाललं होतं, आणि अधिकाऱ्याला शंका येऊन कसं चालेल?

आठच दिवसांत बशीरभाई आले, पेढे घेऊन. कॅमेऱ्याचं बुकिंग त्यांनी रद्द केलं होतं, रोल गारव्यात टिकतात म्हणून घरचा फ्रिज त्यांनी भरून टाकला होता आणि आमचं पत्र फ्रेम करून काउंटरच्या वर लावलं होतं. “बेगम भाजी रखने कू जगा नईं बोलके लड़ री,” ते हसत म्हणाले. “मैं बोला, बिलोलीकरसाब के दस्तखत हैं. बस, अब दूसरी बात नक्को.”

पुढच्या महिन्यात बिलोलीकर कुणाच्या तक्रारीचा रोल तपासायला कुकटपल्लीला गेले. स्टोअरवाल्यानं सहज म्हणून सांगितलं की पुढच्या सहामाहीसाठी काळ्या डब्या मागवलेल्याच नाहीत. डब्याच नाहीत तर रोल भरणार कशात? परत आले ते सरळ तन्मयच्या केबिनमध्ये. मी फायली घेऊन तिथंच उभी होते.

“फिल्म बंद होणार आहे का?”

तन्मयनं केबिनचं दार लोटून घेतलं. “काका,” तो म्हणाला. हा त्यांना पहिल्यांदाच काका म्हणाला. “दोन महिन्यांत जाहीर करू. तोवर बाजारात विश्वास टिकायला हवा. साठा निघायला नको का? तुमच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. छान मोठा समारंभ करू तुमचा.”

बिलोलीकर जागेवर येऊन बसले. दुपारभर काही लिहिलं नाही. मग माझ्याकडे एक कागद आणला. “याच्या प्रती काढून द्याल?”

मी वाचला. मजकूर आमच्या नेहमीच्या नमुन्यातच होता:

‘तक्रारीची वस्तू: माझं मागील पत्र. दोष: मजकूर खरा नाही. तपासणी: कुकटपल्लीत डब्यांची मागणी बंद आहे, मी स्वतः पाहून आलो. उपाय: कंपनीच्या नियमाप्रमाणे सदर पत्र परत घेऊन त्याच आकाराचं खरं पत्र बदलून देत आहे. फिल्म बंद होणार आहे. माल भरू नये. भरला असेल तर आजच वितरकाला परत करावा. डिजिटल कॅमेरा घ्यावा. कळावे.’

मी कागद परत त्यांच्यापुढं सरकवला. “माझ्याकडून नाही होणार, काका,” मी म्हटलं. ऑफिसात, टेबलाशी, मी त्यांना काका म्हणाले.

“हौ,” ते म्हणाले. “बरोबर आहे.” रागावलेही नाहीत. रागावले असते तर फार बरं झालं असतं.

मग त्यांनी ती पत्रं हातानं लिहिली, घरी बसून, उर्दूवाल्यांना उर्दूत, तेलुगूवाल्यांना तेलुगूत, तिकिटं स्वतःची लावून. अफझलगंजची मात्र टपालात टाकली नाहीत. स्वतः गेले. बशीरभाईंनी मला नंतर सांगितलं, साब आत आले, स्टूल ओढलं, चढले, फ्रेम काढली, जुनं पत्र बाहेर आणि नवं आत. त्याच आकाराचं, बरोबर बसलं. मग म्हणाले, “बशीरभाई, माल खराब निकला. बदल के दे रहूं.” बशीरभाईंनी दोन शिव्या घातल्या आणि मग चहा मागवला. त्याच दिवशी फ्रिज रिकामा करून रोल परत केले. कंपनीनं अजून काही जाहीर केलं नव्हतं, म्हणून वितरकाला ते घ्यावे लागले. असे शेकडो रोल शहरभरातून परत आले. कॅमेऱ्याचं बुकिंग पुन्हा झालं.

ऑफिसात जो गहजब झाला तो विचारू नका. हेडऑफिसचा मेमो आला, तीन पानी: आपल्या पत्रानं कंपनीच्या प्रतिष्ठेला धक्का पोचला आहे, सदर पत्र चुकीचं होतं असं लेखी द्यावं. बिलोलीकरांनी त्याच दिवशी उत्तर दिलं. मीच टाइप केलं. तेवढं तरी केलं.

‘आपली तक्रार मिळाली. सदर पत्राची तपासणी केली. दोष आढळला नाही. त्यामुळे बदलून देता येत नाही. कळावे.’

त्यांना निवृत्तीपर्यंत सक्तीच्या रजेवर पाठवलं. भिंग आणि वही घेऊन ते जिना उतरले. समारंभ झाला नाही, हार नाही, फोटो नाही. त्यांना फोन करू नये असं आम्हाला तोंडी सांगितलं होतं, आणि मी शहाण्यासारखा केला नाही. दोन महिन्यांनी कंपनीनं फिल्म बंद केल्याचं कळवलं. ग्राहकांना मशीननं, पापणी लवायच्या आत. वर ओळ होती, ‘एक आनंदाची बातमी!’ मी ग्राहक आनंद अधिकारी झाले आणि वर्षाच्या आत बेकारही झाले.

त्यानंतर दोनएक वर्षांनी पासपोर्टचा फोटो हवा म्हणून मी अफझलगंजला गेले. दुसरीकडे जाता आलं असतं, पण पाय तिकडेच वळले. काउंटरच्या वर तीच फ्रेम. मशीन घरघरत होतं. आणि कोपऱ्यात, स्टुलावर, राखी सफारी.

समोर एक नवराबायको बसली होती. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचे सगळे फोटो कॉम्प्युटरमधून उडाले होते, काही केल्या परत येत नव्हते. बिलोलीकर वहीत लिहीत होते. “अकरा नंबर?” “बाळानं केकात हात घातला.” “कुठला हात?” नवरा म्हणाला डावा, बायको म्हणाली उजवा. बशीरभाई माझ्या कानाशी म्हणाले, “हफ्ते में दो बार बुलातूं साब कू. मशीन का क्या भरोसा?”

ती माणसं गेल्यावर त्यांनी मला पाहिलं. “अरे! सुधाबाई. बसा, बसा.”

मी बसले. एवढी बोलघेवडी मी, पण तोंडातून निघालं ते इतकंच, “काका, तुमचा निरोप समारंभ राहून गेला.”

“हौ की,” त्यांनी नवं पान उघडलं. “सांगा. एक नंबर?”

मला वाटलं थट्टा करतायत. पण पेन टेकवून वाट बघत होते. मग मी सांगू लागले. एक नंबर, तुम्ही हार घालून, अवघडलेले. दोन, तन्मयसाहेबांचं भाषण, कोणी ऐकत नाही. तीन, तुमची डुगडुगणारी खुर्ची, लाल फीत बांधून तुम्हालाच भेट. बशीरभाई मशीन सोडून आले, म्हणाले मी शाल देतोय तो घ्या, चार नंबर. पाच, कुकटपल्लीचा रमेश अल्बम घेऊन. सहा, तुम्ही ती शाल उजेडाला धरून बघताय. ते मान खाली घालून हसत होते आणि लिहीत होते.

“नऊ नंबरला सगळा स्टाफ,” ते म्हणाले. “यात तुम्ही कुठं उभ्या?”

“मी त्यात नाही, काका. मी आले नसते. भ्याले असते.”

त्यांनी वर पाहिलं नाही. यादीच्या खाली रेघ मारली, काहीतरी लिहिलं, पान फाडलं, एकदा दाराच्या उजेडाला धरून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं.

खाली लिहिलं होतं, ‘फोटो काढणाऱ्या: सुधाबाई.’